शर्यत थकबाकीत ठेवता येत नाही

(मीरा रोड येथील नया नगरमध्ये महाविद्यालयीन विद्यार्थी व पालक यांच्या सभेत अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर आहे.)

महाविद्यालयीन खेळाडूंच्या प्रश्नांची चर्चा निघाली की आपण मैदाने, प्रशिक्षक, आहार आणि बूट यांविषयी बोलू लागतो. ते योग्यच आहे. आपल्या मुलामुलींना चांगल्या धावपट्टीवर सराव करायचा म्हटला की पहाटेची लोकल पकडून कांदिवलीला नाहीतर थेट मरीन लाइन्सला जावे लागते, आणि परत येऊन दहाच्या तासाला बसावे लागते. या गैरसोयींविषयी पुष्कळ बोलले गेले आहे आणि आणखी बोलले पाहिजे. परंतु आज मी एका अशा गोष्टीकडे लक्ष वेधणार आहे, जी वरकरणी क्षुल्लक वाटते आणि जिच्यासाठी कोणी मोर्चा काढीत नाही. ती गोष्ट म्हणजे प्रवेशिका. स्पर्धेसाठी खेळाडूचे नाव पाठविण्याचा तो कागद, किंवा अलीकडे संगणकावर भरावयाचा तो तक्ता.

वर्षभर घाम गाळून धावपटू तयार होतो. त्याची वेळ नोंदली जाते, निवड होते. आणि स्पर्धेच्या ठिकाणी गेल्यावर कळते की यादीत त्याचे नाव नाही. किंवा आहे ते आठशे मीटरऐवजी चारशे मीटरच्या रकान्यात आहे. किंवा दाखल्यावर शिक्का राहिला आहे. मग त्याला प्रेक्षकांत बसून आपली शर्यत पाहावी लागते. भोवतालचे लोक म्हणतात, ‘नशीब!’ नशिबाचे हे स्पष्टीकरण आपण मुळीच स्वीकारू नये, एवढेच सांगण्यासाठी मी आज उभा आहे.

चूक सर्वत्र होते

अशी चूक कोठल्या आडगावच्या महाविद्यालयातच होते असा समज असेल तर तो दूर करू. जुलै 2025 मध्ये जर्मनीतील ऱ्हाइन-रुहर विभागात जागतिक विद्यापीठ क्रीडास्पर्धा झाल्या. भारताने बॅडमिंटनसाठी बारा विद्यार्थी-खेळाडू पाठविले. तेथे गेल्यावर व्यवस्थापकांच्या बैठकीत आपल्या अधिकाऱ्यांकडून सहाच नावे रीतसर दिली गेली. उरलेले सहा विद्यार्थी विमानाने गेले, गणवेश घालून वावरले आणि एकही सामना न खेळता परत आले. जे खेळले त्यांनी मिश्र सांघिक स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. बोभाटा झाल्यावर भारतीय विश्वविद्यालय संघाने चौकशी नेमली व एका वरिष्ठ अधिकाऱ्याला दूर केले. चौकशी आवश्यकच होती. पण त्या सहा जणांना तिने काय परत दिले?

हे बॅडमिंटनचे झाले. धावपटूंची कहाणी निराळी नाही. नायजेरियाची फेवर ओफिली ही वेगवान धावपटू अमेरिकेतील लुईझियाना राज्य विद्यापीठात शिकत होती. 2021 साली टोकियो ऑलिंपिकच्या वेळी तिच्या देशाचे दहा खेळाडू अपात्र ठरले. त्यांनी उत्तेजक द्रव्ये घेतली होती असे नाही. नियमानुसार आवश्यक तेवढ्या चाचण्या वेळेवर झाल्या नव्हत्या, एवढेच कारण होते. त्या दहांत ओफिली होती. तीन वर्षांनी, 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी ती शंभर मीटर व दोनशे मीटर या दोन्ही शर्यतींना पात्र ठरली. स्पर्धेच्या तोंडावर तिला कळले की शंभर मीटरसाठी तिचे नाव पाठवायचेच राहून गेले आहे. दोनशे मीटरमध्ये तिने अंतिम फेरी गाठली आणि जगात सहावा क्रमांक मिळविला. शंभर मीटरमध्ये ती कितवी आली असती हे आता कोणीही सांगू शकत नाही. 2025 मध्ये तिने आपला देश सोडून तुर्कस्तानसाठी धावण्याचा निर्णय घेतल्याची बातमी आली, तेव्हा देशभक्तीच्या नावाने तिला दूषणे देणे सोपे होते. ज्या देशाने दोनदा तिचा कागद नीट पाठविला नाही, त्याने आधी आपल्या कचेरीत पाहायला हवे होते.

श्रीमंत राष्ट्रांतही हे घडते. 1972 साली म्युनिकला अमेरिकेचे एडी हार्ट आणि रे रॉबिन्सन हे शंभर मीटरचे धावपटू उपउपांत्य फेरीला पोचूच शकले नाहीत. जागतिक विक्रमाशी बरोबरी करून ते संघात आले होते. प्रशिक्षकांच्या हाती जुने वेळापत्रक होते. संध्याकाळी समजलेली फेरी प्रत्यक्षात दुपारी सव्वाचारला सुरू झाली. प्रशिक्षक स्टॅन राइट यांनी दोष जाहीरपणे स्वतःवर घेतला, हा त्यांचा मोठेपणा. हार्टला पुढे सांघिक शर्यतीत सुवर्णपदक मिळाले. रॉबिन्सन त्या ऑलिंपिकमधून रिकाम्या हाताने परतला.

आणि आपल्या घरचे उदाहरण? कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 मध्ये हेलसिंकीला गेले ते कोणाच्या बळावर? कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले आणि गावकऱ्यांनी वर्गणी काढली, म्हणून. तेथे जपानच्या इशीबरोबरची दीर्घ कुस्ती संपताच त्यांना लगेच सोव्हिएत मल्लापुढे उभे राहावे लागले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हा मल्लाचा हक्क होता. पण तो मागण्यासाठी आपला एकही अधिकारी त्या वेळी आखाड्याजवळ नव्हता, असे त्या कुस्तीविषयी नेहमी सांगितले जाते. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. एका प्राचार्याने घर गहाण टाकले आणि एका अधिकाऱ्याला वेळेवर हजर राहता आले नाही, या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे आपल्या क्रीडाव्यवस्थेची जातकुळी कळते.

नाशवंत माल

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे. म्हणून या प्रश्नाकडे त्याच चष्म्यातून पाहतो.

कामगाराची मजुरी थकली तर ती व्याजासह वसूल करता येते. शिक्षकाचा वेतनभत्ता राहिला तर फरकाची रक्कम दहा वर्षांनीही मिळते. परीक्षेच्या निकालात गुण चुकले तर फेरतपासणी असते. शर्यतीची थकबाकी मात्र राहत नाही. बंदुकीचा आवाज झाला की तिचे मूल्य शून्य होते. भाजीवाल्याची मेथी दुसऱ्या दिवशी निम्म्या भावाने तरी जाते. धावपटूची शर्यत तेवढीही किंमत मिळवीत नाही. शिवाय विद्यार्थी-धावपटूचे वय हे स्वतःच नाशवंत असते. आंतरविद्यापीठ स्पर्धांना वयोमर्यादा आहे, पदवीची वर्षे मोजकी आहेत, आणि त्या वर्षांतही दुखापत, परीक्षा व घरची अडचण यांतून एखादाच हंगाम असा येतो की शरीर पूर्ण बहरात असते.

यावर कोणी म्हणेल, एक शर्यत चुकली म्हणून एवढे काय बिघडले? ज्यांच्या घरी दुकान आहे, त्यांचे कदाचित काही बिघडत नसेल. पण ज्याच्या घरात शिवणाचे मशीन किंवा भाड्याची रिक्षा हेच भांडवल आहे, त्याच्यासाठी धावणे हा छंद उरत नाही, तो रोजगाराचा रस्ता असतो. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. केंद्र शासनाच्या खेळाडू-भरतीच्या नियमांत आंतरविद्यापीठ स्पर्धेत आपल्या विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केलेल्या खेळाडूचाही विचार होतो. रेल्वे, पोलीस आणि सैन्यदल येथेही खेळाडूंची भरती होते. या सर्व ठिकाणी प्रमाणपत्र मागतात. न धावलेल्या शर्यतीचे प्रमाणपत्र नसते. अशा रीतीने कचेरीतील पाच मिनिटांची हयगय एका कुटुंबाच्या पुढच्या तीस वर्षांच्या पगारापर्यंत जाऊन पोचते.

आता या व्यवहाराचा ताळेबंद मांडून पहा. प्रवेशिका भरण्याचा अधिकार कोणाचा? संस्थेचा. खेळाडूला ती स्वतः पाठविता येत नाही. चूक टाळण्याची साधने कोणाकडे? संस्थेकडे. आणि चूक झाल्यावर तिची किंमत कोण मोजतो? एकटा खेळाडू. अधिकार एका ठिकाणी आणि नुकसान दुसऱ्या ठिकाणी, अशी रचना असली की चुका कमी होण्याचे कारणच उरत नाही. कारखान्याचा धूर मालकाच्या खोलीत शिरत नसेल तर धुराडे दुरुस्त करण्याची घाई त्याला होत नाही. तसेच हे आहे. अमुक लिपिक आळशी, तमुक अधिकारी बेफिकीर, असे म्हणून आपण व्यक्तीवर राग काढतो आणि व्यवस्था तशीच राहते. किंबहुना तो लिपिक पुष्कळदा स्वतःच पिळला गेलेला असतो. ज्या महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालकाचे पूर्णवेळ पद रिकामे ठेवले आहे, जेथे तासिका तत्त्वावरचा शिक्षक शिकवून, परीक्षेची कामे करून उरल्या वेळात पंधरा खेळांच्या प्रवेशिका भरतो, तेथे चूक झाली नाही तरच नवल. पद न भरल्यामुळे वाचलेले वेतन शासनाच्या तिजोरीत राहते. त्याची भरपाई मात्र खेळाडू आपल्या हंगामाने करीत असतो.

नावाचा प्रश्न

नया नगरमध्ये बोलताना आणखी एका बाबीचा उल्लेख करायला हवा. कागदावरची चूक सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. ज्याचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव या ठरीव साच्यात बसते, त्याचा कागद सहज पुढे सरकतो. आपल्या वस्तीतील मुलीचे नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर एका तऱ्हेने असते, आधारपत्रावर दुसऱ्या तऱ्हेने, महाविद्यालयाच्या वहीत तिसऱ्या तऱ्हेने. शेख कोठे पुढे लागतो, कोठे मागे. बानो कोठे असते, कोठे गळते. आदिवासी पाड्यावरील मुलाचे आणि भटक्या जमातीतील मुलीचेही हेच होते. ज्यांच्या घरात दोन-तीन पिढ्यांपासून कागद सांभाळण्याची सवय आहे, त्यांना हे अडथळे दिसतदेखील नाहीत. नियम सर्वांना समान असतो, पण त्याच्या पायरीची उंची प्रत्येकाला निराळी भासते. मुलीच्या बाबतीत आणखी एक भर पडते. तिला मैदानावर पाठविण्यासाठी घरात आधीच वाद झालेला असतो. यादीत नाव नाही म्हणून ती परतली की पुढच्या वर्षी तो वाद ती जिंकेलच असे नाही.

मुदत हवी, पण कशासाठी?

माझ्या या म्हणण्यावर एक आक्षेप येईल आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. स्पर्धा म्हटली की मुदत आली. गट पाडायचे असतात, धावपट्ट्या वाटायच्या असतात, निवासाची सोय करायची असते. शेवटच्या क्षणापर्यंत नावे घेत राहिलो तर गोंधळ माजेल आणि ज्यांनी वेळेवर कागद दिले त्यांच्यावर अन्याय होईल. शिवाय वशिल्याच्या खेळाडूला मागच्या दाराने घुसविण्यासाठी ‘चूक झाली’ ही सबब वापरली जाईल.

हे सर्व मला मान्य आहे. मुदत पाळलीच पाहिजे. पण मुदत ही स्पर्धा सुरळीत व्हावी म्हणून असते. पात्र खेळाडूला बाहेर ठेवणे हा तिचा हेतू नसतो. हा भेद आपल्या कायद्याने अन्यत्र ओळखला आहे. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार उमेदवाराच्या नामनिर्देशनपत्रात नावाची किंवा लेखनाची किरकोळ चूक असेल तर तेवढ्यावरून ते रद्द करता येत नाही. दोष महत्त्वाच्या स्वरूपाचा असावा लागतो. आमदारकीच्या उमेदवाराला जी सवलत कायदा देतो, ती एकोणीस वर्षांच्या धावपटूला नाकारण्यात कोणते तत्त्व आहे? मतदारयादीचेही उदाहरण घ्या. आधी प्रारूप यादी लागते, हरकती मागवितात, मग अंतिम यादी होते. कोट्यवधी मतदारांसाठी जे जमते, ते शेकड्यांनी मोजल्या जाणाऱ्या धावपटूंसाठी जमू नये?

न्यायालयात जाण्याचा मार्ग आहे, असेही सांगितले जाईल. 2017 सालचा केरळच्या पी. यू. चित्रा हिचा अनुभव आठवावा. भुवनेश्वरच्या आशियाई स्पर्धेत तिने पंधराशे मीटरचे सुवर्णपदक जिंकले, तरीही लंडनच्या जागतिक स्पर्धेसाठी महासंघाने तिला वगळले. ही लेखनाची चूक नव्हती, तो निवडीचा निर्णय होता. पण पुढे जे घडले ते आपल्या विषयाशी निगडित आहे. केरळ उच्च न्यायालयाने तिला पाठविण्याचा अंतरिम आदेश दिला. तोवर नावे पाठविण्याची मुदत टळून गेली होती आणि आंतरराष्ट्रीय संघटनेने नकार दिला. गंमत अशी की संघात निवड न झालेल्या एका दुसऱ्या धावपटूचे नाव त्याच स्पर्धेच्या यादीत झळकले. ते काढायचे राहून गेले, असा खुलासा झाला. म्हणजे न्यायालयाच्या आदेशानेही एकीचे नाव चढू शकले नाही आणि नजरचुकीने दुसरीचे नाव राहून गेले! न्यायालयाचा दरवाजा उघडा असला तरी शर्यत त्याच्या वेळापत्रकाप्रमाणे थांबत नाही. ऑलिंपिक चळवळीने ही अडचण ओळखली. 1996 च्या अटलांटा स्पर्धेपासून क्रीडा लवादाचे खास पीठ स्पर्धेच्या गावीच बसते आणि शक्यतो चोवीस तासांत निर्णय देते. आपल्या संसदेने 2025 मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला आणि त्यात क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद केली. त्याचे स्वागत करू. पण त्याची दृष्टी प्रामुख्याने राष्ट्रीय महासंघांवर आहे. महाविद्यालयाच्या क्रीडा विभागातील त्या लाकडी टेबलापर्यंत तो हात कधी पोचेल, याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

आपण काय मागावे?

केवळ हळहळ व्यक्त करून उठण्यासाठी आपण येथे जमलेलो नाही. म्हणून काही निश्चित मागण्या मांडतो. यांतील एकीलाही फार पैसा लागत नाही.

पहिली मागणी, पोच पावतीची. महाविद्यालयाने पाठविलेल्या प्रवेशिकेची प्रत खेळाडूला दाखविली पाहिजे. त्यातील नाव, जन्मतारीख व शर्यतीचा प्रकार वाचून त्याने सही करावी आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. आपल्याविषयी लिहिलेला कागद पाहण्याचा हक्क हा लोकशाहीतील अगदी प्राथमिक हक्क आहे. माहितीच्या अधिकारासाठी या महाराष्ट्राने लढा दिला तो याच भावनेने.

दुसरी मागणी, प्रारूप यादीची. स्पर्धेपूर्वी निदान आठ दिवस विद्यापीठाने सर्व नावांची यादी प्रसिद्ध करावी आणि दुरुस्तीसाठी तीन दिवस द्यावेत.

तिसरी मागणी, दंड संस्थेला करण्याची. चूक संस्थेची असल्याचे दिसले आणि खेळाडूची पात्रता निर्विवाद असली, तर संस्थेकडून विलंबशुल्क घ्यावे व खेळाडूला धावू द्यावे. जो चूक सर्वांत सहज टाळू शकतो त्याच्यावर तिचा भार टाकला की चुका कमी होतात, हे अर्थशास्त्रातील साधे सूत्र आहे. वशिलेबाजीची भीतीही याने दूर होते. कारण पात्रतेचा पुरावा, म्हणजे निवड चाचणीची नोंद व वेळ, आधीच जाहीर झालेला असेल.

चौथी मागणी, आधी धावू द्या व मग ठरवा. मैदानी खेळांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत, पंचाच्या निर्णयाला हरकत घेतलेल्या खेळाडूला काही प्रसंगी निषेध नोंदवून भाग घेऊ देण्याची तरतूद आहे; निकाल मागाहून ठरतो. प्रवेशिकेच्या वादातही हेच तत्त्व लावावे. पात्र नसलेला धावला तर त्याचा निकाल रद्द करता येतो. पात्र असलेला धावला नाही तर कोणतेही न्यायालय ती शर्यत पुन्हा भरवू शकत नाही. दोन संभाव्य चुकांपैकी जी दुरुस्त होऊ शकते ती पत्करणे, यालाच शहाणपण म्हणतात.

पाचवी मागणी, उत्तरदायित्वाची. महाराष्ट्रात 2015 पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. ठरलेल्या सेवेला ठरलेली मुदत आणि विलंबाला जबाबदार अधिकारी, हे त्याचे सूत्र आहे. खेळाडूचे नाव मुदतीत व अचूक पाठविणे ही अशीच सेवा मानली जावी. चूक झाल्यास पंधरा दिवसांत लेखी कारण द्यावे आणि खेळाडूला, त्याचा दोष नव्हता असे प्रमाणित करणारे पत्र द्यावे, म्हणजे पुढील निवडीत त्याचा विचार होईल.

आणि या सर्वांच्या मुळाशी असलेली सहावी मागणी म्हणजे शारीरिक शिक्षण संचालकांची रिकामी पदे पूर्णवेळ भरण्याची. पहिल्या पाच गोष्टी कागदावर आल्या तरी त्या करणारा माणूसच नसेल तर त्यांचाही एक नवा कागद होऊन राहील.

मित्रहो, समाजवादी चळवळीत वाढलेल्या आम्हा लोकांना एक गोष्ट शिकविली गेली होती. सामान्य माणसाच्या आयुष्यात राजकारण हे प्रथम लहान गोष्टींच्या रूपाने येते. गोरेगावच्या बायका मृणालताई गोरे यांच्यामागे हंडे घेऊन निघाल्या, तेव्हा त्यांनी समाजवादावरचे ग्रंथ वाचलेले नव्हते. नळाला पाणी का येत नाही, एवढाच त्यांचा प्रश्न होता. ‘आमचे नशीब’ असे न म्हणता त्यांनी तो प्रश्न पालिकेला विचारला, आणि त्यातून चळवळ उभी राहिली. माझ्या मुलीचे नाव यादीत का नाही, हाही त्याच जातीचा प्रश्न आहे. तो एकट्या मुलीने विचारला तर तिला ‘पुढच्या वर्षी पाहू’ असे सांगून वाटेला लावतील. तिच्या मागे तिचे सहकारी, तिच्याशी स्पर्धा करणारे खेळाडू, पालक व शिक्षक उभे राहिले, तर मात्र उत्तर द्यावे लागेल. विशेषतः प्रतिस्पर्ध्यांनी उभे राहिले पाहिजे. यादीतल्या चुकीमुळे रिकाम्या राहिलेल्या पट्टीशेजारी धावून मिळविलेल्या पदकात, खऱ्या खेळाडूला समाधान वाटत नाही.

म्हणून येत्या हंगामापूर्वी एवढे करा. आपापल्या महाविद्यालयात दहा-दहा विद्यार्थी मिळून जा, प्राचार्यांना या सहा मागण्यांचे निवेदन द्या, आणि त्याची पोच घ्यायला विसरू नका. पोच मागण्याची सवय तेथूनच सुरू होऊ द्या.